नवस फेडल्यावर

भाचीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मावशी, आई उठूनच नाही राह्यली..." एवढंच बोलली. बुलढाण्याहून देऊळघाट काही लांब नाही, पण त्या सकाळी रस्ता सरता सरेना. त्याला आता महिना झाला. ताई गेल्याचं दुःख आहेच, पण तिला मीच अडवलं, ही टोचणी त्याहून मोठी आहे.

दोन वर्षांपूर्वी ताईला थायरॉईड निघालं, वाढलेलं. दिवसभर कापूस वेचणारी धडधाकट बाई पार वाळली. हात थरथरायचे, छाती धडधडायची. मी घाबरून शेतातल्या मारुतीला रोडग्यांच्या जेवणाचा नवस बोलले. गोळ्यांनी म्हणा, मारुतीने म्हणा, वर्षभरात रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "थायरॉईड आटोक्यात आलं, पण हृदयाचे ठोके अजून चुकतात. दर तीन महिन्यांनी ईसीजी काढायचा." ताई भलती शिस्तीची. रोज सकाळी भाऊजींचं घड्याळ घेऊन ओट्यावर बसायची आणि मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायची. मोजता मोजता मध्येच थांबायची... मी मुक्कामाला असले की तिचा चेहरा पाहून घाबरायचे. मग मी थट्टेवारी न्यायचे, "मोजून मोजून झिजतीन ना वं ते!"

नवस फेडला त्या दिवशी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, पंगती उठल्या. भांडी घासता घासता ताई हळूच म्हणाली, "सोमवारी ईसीजी काढाले जायाचं हाय. चालशीन का माह्यासंगं?"

मला रागच आला. "आताच रोडगे जेवू घातले ना? नवस फेडून पुन्हा दवाखान्यात जाणं म्हंजे देवावर भरोसा नाही. काऊन अपशकुन करून राह्यली?"

तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. "हाव, तुहंही खरं हाय," म्हणाली आणि हसली. पुढचे पाच महिने तिने माझ्यापुढे ईसीजीचं नाव काढलं नाही, आणि मला वाटलं, ती निर्धास्त झाली.

वेळेवर तपासलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'कदाचित'ने माझी झोप उडवली आहे.

तेरवी झाल्यावर भाचीने मला आतल्या खोलीत नेलं. दारामागे खुंटीला कापडी पिशवी होती. आत जुने रिपोर्ट, धुतलेला रुमाल, पाण्याची बाटली. "आई दर सोमवारी भरून ठेवे," भाची म्हणाली. "म्हणे, तुही मावशी चाल म्हणली तं लगेच निघता येईन."

बाटली काठोकाठ भरलेली होती.