मी ‘मालक’ लिहिलं होतं

मृणालताईंनी माझ्या डोक्यावर घागर ठेवली. दोन पावलं मागं सरकून बघितलं. मग म्हणाल्या, “ओढणी काढ. हा पदर घे.”

पिशवीतून त्यांनी एक जुनेर काढलं. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं आणि ठिगळ लावलेलं. ठिगळ नवं होतं. कुणीतरी कार्यक्रमासाठी मुद्दाम लावलं होतं.

परभणीतला मोठा हॉल. पडद्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं कॉलेजची पोरं, पुढारी, पत्रकार. हवामान बदलावर जिल्ह्यातल्या तरुणांचा मेळावा होता. मी माझा चांगला ड्रेस घालून आले होते. गादीखाली घालून त्याच्या चुण्या मोडल्या होत्या. कारण मला बोलायचं होतं. हातात चार पानं होती. पंधरा दिवस बसून लिहिलेली.

“ताई, माझं भाषण?”

“भाषण ऋषिकेश वाचणार आहे. त्याचा आवाज चांगला आहे. तू नुसती शेजारी उभी राहा. हसू नकोस. तुझा चेहराच खूप बोलतो.”

चार पानं त्यांनी माझ्या हातातून घेतली. मी दिली. हिसकावून घेतली असं म्हणता येणार नाही. ताई पुण्याहून आलेल्या, शिकलेल्या, आमच्या तरुणांच्या पर्यावरण गटाच्या मार्गदर्शक. त्यांनी हात पुढं केला आणि मी पानं दिली. आजही आठवलं की त्यांच्यापेक्षा मला माझाच राग येतो.

घागर रिकामी होती. भरलेली घागर डोक्यावर बसते, रिकामी हलते. खाली चुंबळही नव्हती. ती लागते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या वस्तीत घागरीनं पाणी आणतंय कोण? प्लॅस्टिकच्या कॅननं आणतो आम्ही. पण कॅन फोटोत चांगला दिसत नसणार.

मी उभी राहिले. ऋषिकेश माझ्या शेजारी येऊन माइकसमोर उभा राहिला आणि माझ्या मायचं पडणं वाचायला लागला.

ऋषिकेश आमच्या गावचा. पेडगावच्या पुढं आमचं गाव. त्याच्या बापाच्या शेतात माझी माय लग्न होऊन आल्यापासून कामाला जाते. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मला गटात त्यानंच आणलं, हे नाकारून चालणार नाही. “तू लय चांगलं लिहितेस, येत जा,” म्हणाला होता. मला बरं वाटलं होतं. मी त्याला ऋषिकेशदादा म्हणायचे, ‘तुमी’ म्हणायचे. तो मला ‘तू’ म्हणायचा. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

आता मायचं सांगते.

आमच्याकडं पेरणीच्या आधी, वैशाखात, बायका शेतातली धसकटं वेचतात. ज्वारीचे, तुरीचे, पऱ्हाटीचे बुडखे. वाकून उपटायचे, गोळा करायचे, बांधावर टाकायचे. सावली नाही. काम दहाला सुरू होतं आणि सहाला संपतं. दहाला का? तर मालकानं काम दाखवल्याशिवाय शेतात हात लावायचा नाही, अशी रीत. मालक अंघोळ, पूजा, नाश्ता आटोपून दहाला येणार, कुठून कुठपर्यंत वेचायचं ते हातानं दाखवणार, मग टोळीनं वाकायचं. सकाळचा सगळा गारवा बांधावर बसून वाया जायचा. नऊ बायका ऊन चढायची वाट बघत बसायच्या. शेकडो वर्षांची रीत असेल. कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मोबाइल चव्वेचाळीस दाखवत होता. मी सुट्टी म्हणून मायसोबत गेले होते. दुपारी दोनच्या सुमाराला माय उपटलेलं धसकट हातात तसंच धरून पुढं पडली. आधी वाटलं, ठेच लागली. उताणी केली तर अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम नाही. आम्हा बायकांच्या बाटल्यांतलं पाणी केव्हाच चहाएवढं गरम झालं होतं, आणि तेही संपलेलं. लिंबाखाली गार पाण्याचा जार होता. तो ट्रॅक्टरवाल्यासाठी आणि घरच्या माणसांसाठी. टोळीतली गयामावशी पळत गेली. तिथल्या गड्याला म्हणाली, “गिलास दी रं, बाई पडलीय.”

गडी म्हणाला, “गिलास न्हाई भेटायचा. वंजळ धर, वततो.”

आमच्या वस्तीच्या माणसाला त्या शेतात पाणी वरून ओततात. आजही. गयामावशीनं ओंजळ धरली आणि तशीच पळाली. ढेकळांतून. मायपर्यंत पोचली तेव्हा तिच्या हातात ओठ ओले होतील एवढंच पाणी उरलं होतं. ती तीन वेळा गेली आणि तीन वेळा आली.

माय वाचली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी पदरानं वारा घातला, मग मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कागदावर लिहिलं ‘अशक्तपणा’. ऊन कुठंच लिहिलं नाही. तेव्हापासून तिला उन्हात अंधारी येते. हाताला मुंग्या येतात. भाकरी थापताना मध्येच थांबते आणि हाताकडं बघत बसते. डॉक्टर म्हणाला, पुन्हा अशी पडली तर सांगता येत नाही. माय तिसऱ्या दिवशी कामावर गेली.

हे सगळं मी चार पानांत लिहिलं होतं. जार, ग्लास, ओंजळ. आणि चौथ्या पानावर मागणी. वैशाखात काम सकाळी सहाला सुरू व्हावं, अकराला थांबावं. उरलेलं ऊन कलल्यावर. मधल्या वेळात कोणतीही बाई शेतात नको. तेवढ्यासाठीच तर मला बोलायचं होतं. माय पुन्हा पडू नये, बास.

ऋषिकेश छान वाचत होता. तापलेलं अंग वाचलं. “एक बाई ओंजळीत पाणी घेऊन ढेकळांतून धावत होती,” हे वाचताना त्याचा आवाज हळवा झाला. खोटा नसावा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. पण ओंजळीतच का, ते त्यानं वाचलं नाही. ओंजळ राहिली, ग्लास गेला. जार गेला. चौथं पान तर त्याच्या हातातच नव्हतं. ते मृणालताईंच्या फाइलमध्ये होतं. शेवटी तो म्हणाला, “ही आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे. धरणीमाता तापली आहे.” टाळ्या वाजल्या.

आणि मग मला कळलं. डोक्यावर घागर डुगडुगत होती आणि मला कळलं की चूक माझीच. मी लिहिलं होतं, ‘मालकाच्या शेतात’. नाव लिहिलं नव्हतं. आमच्या वस्तीत विश्वंभररावांचं नाव कुणी घेत नाही. नवऱ्याचं नाव घेतील, देवाचं घेतील. यांना नुसतं मालक. मला वाटलं, कागदावर नाव लिहिणं बरं दिसत नाही, उद्धटपणा होईल. माझ्या त्या अदबीमुळं त्यांचाच पोरगा सगळ्यांदेखत, न अडखळता, न लाजता ते वाचू शकला. मालक म्हणजे कुणीही. हॉलमध्ये कुणालाही तो सापडला नसता.

ऋषिकेशची दिल्लीच्या परिषदेसाठी निवड झाली. पुढं परदेशातही जायचं ठरलं. मला एक रोप मिळालं आणि स्टीलची बाटली. प्लॅस्टिक वापरू नका म्हणून. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसलं.

एसटीनं घरी आले. माय चुलीपुढं बसली होती. “बोललीस का गं?” तिनं विचारलं.

“बोलले,” मी म्हणाले.

“लोकं काय म्हणले?”

“टाळ्या वाजवल्या.”

ती खूश झाली. मी पाठ फिरवून ड्रेस बदलला.

गट मी लगेच सोडला नाही. सोडला असता तर सांगायला बरं वाटलं असतं. आणखी आठ-नऊ महिने गेले. रॅलीत चालले. फलक रंगवले. ‘आपण सगळे जबाबदार’ असं रंगवायला मलाच दिलं, अक्षर चांगलं म्हणून. माझी माय जबाबदार? तिनं विमान आकाशात बघितलंय फक्त. घरात एक पंखा, तोही लोडशेडिंग नसेल तेव्हा. जबाबदारीची वेळ आली की आम्ही सगळे, आणि जारची वेळ आली की आम्ही वेगळे. पण मी रंगवलं. थकले होते. रागवायलाही अंगात जोर लागतो. कॉलेज, घरकाम, सुट्टीला खुरपं, आणि वर हे. चौथ्या पानाचं दोनदा विचारलं. “तो स्थानिक मुद्दा आहे गं,” मृणालताई म्हणाल्या, “आपण मोठं चित्र बघतोय.”

पुन्हा वैशाख आला. पुन्हा धसकटं, पुन्हा दहाची वाट. मृणालताई कॅमेरावाल्याला घेऊन वस्तीत आल्या. ऋषिकेश बाहेरच्या परिषदेत एक फिल्म दाखवणार होता. ताई मायला म्हणाल्या, “मावशी, तेव्हा पडलात ना, तसंच फक्त एकदा पडून दाखवायचं.”

मी नको म्हणाले. माय म्हणाली, “पडते की. त्याला काय हुतंय. मालकाचं लेकरू हाय, उद्या कामाला जायाचंय का न्हाई आपल्याला?”

दुपारी एकला शेतात गेलो; ऋषिकेशही होता, बाजूला टोळी वाकलेली. त्यांना कडक ऊनच हवं होतं. कॅमेरावाल्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. माय वाकली, धसकट उपटलं, पडली. “छान. पण लवकर पडलात. पुन्हा एकदा, हळू.” माय पुन्हा पडली. “पदर थोडा सरकू दे. अजून एकदा.”

तिसऱ्यांदा माय पडली ती उठली नाही.

कॅमेरा चालूच होता. ताई हळू आवाजात म्हणाल्या, “असंच, असंच.”

मी धावले. माय शुद्धीवर होती, पण तिचे डोळे फिरत होते. मी लिंबाखाली गेले, अख्खा जार उचलला आणि तिच्या अंगावर ओतला. गडी “ए, ए” करत राहिला. ओली झालेली माय उठून बसली. मग मी कॅमेऱ्याकडं वळले.

“ही माझी माय. गेल्या वर्षी ती इथंच पडली. हे शेत विश्वंभररावांचं आहे. ऋषिकेशच्या बापाचं. जार होता. ग्लास दिला नाही.”

टोळीतल्या बायकांचे हात थांबले. ‘दादा’ गळून पडलेलं त्यांना ऐकू आलं असणार. आणि मालकांचं नाव. माय ओल्या अंगानं धडपडत उठली आणि माझ्या तोंडावर हात ठेवायला आली. “गप. गप बस गं बये. नाव घेतीस?” उन्हाला नाही, मला घाबरली होती ती.

ऋषिकेशचं तोंड उतरलं. “तू हे पर्सनल करायलीस,” तो म्हणाला. “हा सगळा सिस्टीमचा प्रश्न आहे.”

“जार काय सिस्टीमनं भरला का?”

त्यानं कॅमेरा बंद करायला सांगितलं. कॅमेरा बंद झाला. मी बोललेलं त्या फिल्ममध्ये नसणार, हे मला तेव्हाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सांगावा आला, माय-लेकींनी येऊ नये. माय माझ्याशी बोलेना. गयामावशी दारावरून जाताना म्हणाली, “शिकलेल्या पोरीनं मायला घरी बसवलं.” तिचंही बरोबर होतं. कुणी माझी पाठ थोपटली नाही. मी पाच दिवस घरात पडून होते. बरोबर केलं की चूक, याचाही विचार येईना, नुसती झोप यायची.

सहाव्या दिवशी त्याच शेतात टोळीतल्या एका बाईला चक्कर आली. तरणी बाई, पाच महिन्यांची पोटुशी. वाचली, पोटातलंही वाचलं. संध्याकाळी गयामावशी आमच्या दारात येऊन बसली. पाणीही घेतलं नाही. म्हणाली, “काय लिव्हलं व्हतंस त्या कागदावर? वाच.”

चौथं पान माझ्याकडं नव्हतं. गरजही नव्हती. मी तोंडानं सांगितलं. सहा ते अकरा. उरलेलं ऊन कलल्यावर.

“अन् काम कोण दाखवणार सहाला?”

“दाखवायचं काय त्यात, मावशी? धसकट कुठं हाय ते आपल्याला दिसत न्हाई का?”

ती पदर खोचून उठली. मग हसली. वाईट हसली.

नऊपैकी पाच जणी आल्या. चार घाबरल्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. माय आली. माझ्याशी न बोलताच आली, पण आली. सकाळी सहाला आम्ही शेतात वाकलो. कुणी काम दाखवलं नव्हतं. दहाला विश्वंभरराव आले आणि निम्मं शेत साफ झालेलं बघून बांधावरच थांबले.

“कुणाला इचारून हात लावला?”

आम्ही वाकलेल्याच राहिलो. भीतीनं नाही, हातातलं काम आटपायचं होतं म्हणून. अकराला गयामावशी कंबर धरून उभी राहिली, मग बाकीच्या. ते मागून ओरडत होते. आम्ही वस्तीकडं चालत राहिलो.

यानं आम्ही काही जिंकलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पो भरून दुसऱ्या गावच्या बायका आणल्या. त्या दहाला आल्या आणि सहापर्यंत वाकल्या. आता मला त्या गावाला जायचंय. त्या बायकांच्या वस्तीत, त्यांच्या दारात बसून हेच सांगायचंय. नाही ऐकलं तर पुन्हा जायचंय. पाय दुखतात, परीक्षा तोंडावर आहे, आणि गट मी सोडलाय. मृणालताईंचा फोन आला होता. या वेळी मला स्टेजवर बोलायला देणार म्हणाल्या.

मी म्हणाले, “अकराच्या आत मला वेळ नाही. अकरानंतर माझी माय तुमच्या कॅमेऱ्यासाठी पडणार नाही, आणि कुणाच्या शेतातही पडणार नाही.”

आणि फोन ठेवला.

पुन्हा लिहीन तेव्हा मालकाचं नाव लिहीन, गावासकट. आणि वाचणार मी.