फिरगेटवाले मामाजी

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात समुद्राची काळजी करणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हे माझं नशीब. बंगालच्या उपसागरात वारं फिरलं की इकडे तामसीत मामाजींचं जेवण कमी होतं. नौदलातली बरीचशी नोकरी त्यांनी एकाच लढाऊ जहाजावर काढली. क्षेपणास्त्रं डागणाऱ्या त्या जहाजाला फ्रिगेट म्हणतात. गावानं त्याचं फिरगेट केलं, आणि गेट म्हटल्यावर ते रेल्वेचंच असणार, यात कोणाला शंका राहिली नाही. मामाजी सुट्टीवर आले की लोक गाऱ्हाणं घालायचे, मालगाडीसाठी इतका वेळ गेट बंद काऊन ठेवता म्हणून. मामाजी आधी चिडायचे, मग समजवायचे, शेवटी "वर कळवतो" म्हणायला शिकले.

जहाजाचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं 'ती' म्हणत. घरातल्या जन्मा-लग्नांचा हिशोबही तिच्यावरूनच. ती नौदलात दाखल झाली तेव्हा माझी बायको रांगत होती. वादळानंतर ती किनाऱ्यावर तांदूळ आणि पाणी पोचवत होती, म्हणून थोरल्याचं बारसं बापावाचून झालं. धाकटी जन्मली तेव्हा ती एडनच्या आखातात चाच्यांपासून व्यापारी जहाजं सांभाळत होती. सरावात तिचं क्षेपणास्त्र बरोबर निशाण्यावर लागलं, हे तर मामाजी असं सांगायचे, जणू घरच्या पोरीचा पहिला नंबर आला. मामी एकदा मला भाकर वाढता वाढता म्हणाल्या, "सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या, जवाईबुवा. हिचं काय करू?"

पुढे तीही निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला मामाजी विशाखापट्टणमला जाऊन आले. झेंडा उतरवताना आपण रडलो नाही, असं त्यांनी न विचारताच सांगितलं, म्हणजे रडले असणार. त्यानंतर त्यांना एकच घोर लागला, तिला भंगारात तर विकणार नाहीत? जुन्या सोबत्यांना फोन करकरून ते हेच विचारायचे. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की उठून आत जायचे. मी म्हटलं, मामाजी, शेवटी लोखंडच ना ते. तर कितीतरी दिवस मला चहा विचारला नाही. खरं सांगतो, मलाही त्यांचा राग आला होता.

परवा दुपारी मामींचा फोन आला, लवकर या. गेलो तर मामाजी अंगणात नळाखाली बसून कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेत होते. जवळचं माणूस गेल्याची बातमी आली की आपल्याकडे करतात ती आंघोळ. मामी पार घाबरलेल्या. कोण गेलं तेच सांगून नाई राह्यले, म्हणाल्या. मी टॉवेल दिला, खांद्यावर हात ठेवला. डोकं पुसता पुसता मामाजींनी सांगितलं, जुन्या सोबत्याचा फोन आला होता. सरावासाठी तिला भर समुद्रात निशाणा म्हणून ठेवलं होतं. नौदलाच्याच क्षेपणास्त्रानं तिला बुडवलं.

"भंगारात नाई गेली," ते म्हणाले. "पाण्यातच गेली, चांगलं झालं. पण आमच्यातलं कोणीच जवळ नवतं, जवाईबुवा."

मामींनी आत जाऊन गॅसवरचा अर्धवट शिजलेला भात उतरवून ठेवला.

घरी आलो आणि शर्ट न काढताच न्हाणीत शिरलो. बायको दारात येऊन विचारू लागली, कोण गेलं? सांगितलं. वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही. माझं झाल्यावर तिनंही डोक्यावरून पाणी घेतलं.