ताईंची सही

आमच्या नगर परिषदेत ताई पाच वर्षं नगराध्यक्ष होत्या, पण 'साहेब' आम्ही त्यांच्या नवऱ्याला म्हणायचो. मी तिथला लिपिक. फाईल आधी नवऱ्यापुढे ठेवायची आणि त्याने मान हलवली की मग ताईंपुढे, ही आमची रीत होती.

ताई मात्र ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचत. घाई केली की म्हणत, "थांबा भाऊ, वाचू द्या मले." बाहेर आल्यावर आम्ही हसायचो.

एकदा, नालीचं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. "ही नाली झाली का भाऊ? तुमी पाह्यली?"

नाली झालीच नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत होता, पण त्याचा हलता पाय थांबला होता.

"हो ताई," मी म्हणालो. त्यांनी लगेच सही केली.

पावसाळ्यात त्या गल्लीत घराघरांत पाणी शिरलं. ताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिव्या ऐकत होत्या. नाली झाली असं कोणी सांगितलं, लोक विचारत होते. मी ताईंच्या मागेच उभा होतो. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सही माही आहे."

आता त्या पदावर नाहीत. परवा साकोलीच्या बसस्टँडवर भेटल्या.

"बरे आहा ना भाऊ?"

"हो ताई," मी म्हणालो.

त्या लगेच गेल्या नाहीत. कागद वाचायच्या तशाच, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.