ट्रान्सफॉर्मरसमोरचा कूलर

आमच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरसमोर वायरमनने आज कूलर आणून लावला आहे. विदर्भातल्या मे महिन्यात यात नवल नाही. घरोघरी एसी चालतात, भार वाढतो आणि तो लोखंडी डबा आतल्या तेलासकट तापतो. भाजीची पिशवी घेऊन मी तिथेच थांबले. एकाच सुरात घुमत होता बिचारा. वरच्या तारांतली वीज तशीच घरात सोडली तर घर जळून जाईल. हा ती आधी स्वतःत घेतो, कमी करतो, मग आपला मिक्सर फिरतो. कमी करताना होणारी धग मात्र त्याच्यापाशीच राहते.

सकाळी हे म्हणाले होते, "त्याला सांग, या घरात पाऊल ठेवू नकोस म्हणावं." त्याला म्हणजे आमच्या मुलाला. त्याने नोकरी सोडल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही असतं ते माझ्यामार्फत जातं. आज पुण्याहून त्याचा फोन येणार होता.

कूलरचा ओला वारा पाठीला लागला. बरं वाटलं. मी डोळे मिटून तशीच उभी राहिले.

"काकू, जरा बाजूला व्हा," वायरमन म्हणाला. "हवा अडतेय त्याची."

मी बाजूला झाले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा काय म्हणाले?" मुलाने विचारलं.

"काही नाही रे. जेवलास का, विचारत होते."