माळ पडीक आहे, असं मीच लिहून दिलंय

मंडळी, तुमचा सल्ला हवाय, म्हणून लिहितोय.

आमच्या कुंडलकडच्या ऊसपट्ट्यातल्या आणि जत भागातल्या कोरडवाहू गावांनी मिळून सौर प्रकल्प ठरवलाय. पॅनेल जतच्या माळावर, दिवसा वीज सगळ्या गावांना. प्रस्ताव मीच लिहिला, गावोगाव फिरून सह्याही मीच गोळा केल्या.

आज जतचे बिरूमामा आले. दरवर्षी ऊस तुटला की लेंडीखतासाठी त्यांची मेंढरं आमच्या रानात बसतात. मी हौसेनं त्यांना नकाशा दाखवला.

मामांनी माळावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय रं?"

"पडीक जमीन."

"पडीक? आरं, पावसाळाभर माझी मेंढरं हितंच चरत्यात की! ह्यो माळ गेला तर मेंढरं इकायलाच लागत्यात."

बैठकीला आम्ही दोन्हीकडचे शेतकरी बोलावले. मेंढपाळ फिरतीवर होते, त्यांच्यासाठी कुणीच थांबलं नाही. मीही नाही.

उद्या माळाची मोजणी आहे. ती थांबवा म्हणून दुपारपासून गावोगावच्या लोकांना फोन करतोय, सगळ्यांचं एकच उत्तर, "ठराव झालाय." वीज मलाही हवीय हो, पण अशी?

मामा अजून बांधावर बसलेत. एकच विचारतात, "पुढल्या साली मेंढरं घिऊन येऊ का न्हाई, तेवढं सांग."

काय सांगू त्यांना?