रेनोच्या हेल्मेटातला रेडिओ

अमेरिकेत सुपिरियर सरोवराकाठच्या आमच्या गोदीत रेनो लाहतिनेनइतका घुमा माणूस दुसरा नव्हता. "थंडी फार आहे रे," म्हटलं तर विचार करून "हं" म्हणायचा, आणि तेवढ्यानंच दमायचा. हिवाळ्यात सरोवरातली मालवाहू जहाजं दुरुस्तीला येत. त्यांचे अजस्र भाग ब्लास्टिंगच्या बंद खोलीत ढकलले, की रेनो हवेच्या जोरावर पोलादी कणांचा मारा करून गंज उतरवी. मी बाहेर दार सांभाळायचो.

साफ केलेलं लोखंड पुन्हा गंजायच्या आत रंगवावं लागतं, म्हणून रंगखात्यातली डोरीन प्रुइट कायम त्याच्या मागे लागलेली. "रेनो, सुकाणू घासतोयस की त्याला मालिश करतोयस?" रेनो लालबुंद होई.

त्या जानेवारीत आम्हा तिघांना हेल्मेटात बसवलेले रेडिओ दिले. बटण दाबून बोलायचं, ऐकू मात्र कायम येई. रेनोचं बटण पहिल्याच दिवशी अडकलं, आणि त्याला पत्ताच नाही.

आत एका जहाजाच्या सुकाणूवर मारा सुरू झाला. मध्येच थोडा थांबला, तेव्हा माझ्या कानात आवाज आला, "काय रे जाड्या, एवढं पाण्यात हिंडून आलास, अंग धुवायचं सुचलं नाही?"

आत दुसरं कोणी नव्हतं. हा पठ्ठ्या सुकाणूशी गप्पा मारत होता!

"आज विचारतोच तिला. डोरीन, शुक्रवारी मासे खायला येतेस? छे, फार तुटक वाटतं. डोरीन, आपली हरकत नसेल तर... हे तर वकिलासारखं झालं."

माझ्या शेजारी रंग ढवळणाऱ्या डोरीनचा हात थांबला. मी खुणेनं सांगितलं, गप्प बस. ती कसली बसतेय!

"पहिलंच बरं होतं," ती रेडिओवर म्हणाली. "सातला ये."

आत रेनोच्या हातातली माऱ्याची नळी खाली पडल्याचं ऐकू आलं. मारा पुन्हा सुरू झालाच नाही. धूळ बसली तरी स्वारी बाहेर येईना. मी दार उघडलं, तर सुकाणूमागे दडलेला.

"ती गेली का?"

"इथेच आहे," डोरीन म्हणाली. "आणि डावी बाजू राहिलीय, ती कर आधी."

त्यानं मुकाट्यानं केली.

सोमवारी डोरीननं सांगितलं, "पहिला तासभर मी एकटीच बडबडले. मग त्यानं आईचा विषय काढला, तर थांबेचना. हॉटेलवाल्यानं खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या तेव्हा उठलो."

ऑक्टोबरात त्यांनी लग्न केलं. आता तो तिच्या घरी राहतो. तिचा म्हातारा कुत्रा तिला सोडून रेनोच्या पायाशी झोपतो, आणि डोरीनला याचा अजून राग येतो.