इंजिनापासून दुसरा डबा

मी लिहावं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. तेव्हा काही चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आईलासुद्धा नाही.

"ओ काका, उठा. वाचता येत नाही का?"

अण्णांना खरंच वाचता येत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडचे. महाळुंग्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लोडिंगला होते. आम्ही कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहतो. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली आणि दर पंधरा दिवसांनी मुंबईच्या दवाखान्यात जायचं आलं. सकाळी पहिल्या बसने भोसरी, तिथून रिक्षाने चिंचवड स्टेशन, तिथून मुंबईची गाडी. गाडी चिंचवडला दोन मिनिटं थांबते.

त्या आठवड्यात गाडीचा रेक बदलला होता. रेक म्हणजे डब्यांची अख्खी माळ. जुने निळे डबे गेले, नवे लाल आले. आले ते वेगळ्या क्रमाने. आम्ही नेहमीसारखे पुढे, पाण्याच्या नळापाशी उभे होतो. चहावाला म्हणाला, "जनरल आता मागं गेलं भावा. पार शेवटी. पळा."

अण्णा पळू शकत नव्हते. ते दहा पावलं चालले की थांबायचे. गाडी हलायच्या आत समोर आला त्या डब्यात, इंजिनापासून दुसऱ्या, मी त्यांना चढवलं. एक जागा मोकळी होती. फक्त एक रुमाल टाकलेला. मी रुमाल बाजूला केला, अण्णांना बसवलं.

डब्यात सगळे एकमेकांच्या ओळखीचे. रोज मुंबईला जाणारे, महिन्याचा पास काढणारे. चांगले कपडे, पाठीवर कंपनीच्या बॅगा. पत्ते निघाले होते. त्यातला एक चष्मेवाला उठून आला.

"ओ काका, उठा."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या गळ्याभोवती फडकं होतं.

"काय रोगबिग आहे का राव ह्यांना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरगं शिकलेलं दिसतंय," चष्मेवाला म्हणाला. माझ्या गळ्यात कॉलेजचं आयकार्ड होतं. "साहेब, दारावर काय लिहिलंय? वाचा बरं. मोठ्यानं वाचा. वडिलांना कळू दे."

दाराजवळ तारेने बांधलेली एक लोखंडी पाटी होती. मी वाचली.

"फक्त पासधारकांसाठी. इतरांनी बसू नये."

"अजून मोठ्यानं."

मी पुन्हा वाचली. डबा हसला. सगळा नाही. खिडकीजवळचा एकजण पेपरमध्ये बघत राहिला. मला तो जास्त लक्षात आहे.

"कामून उठायचं रे?" अण्णा हळू आवाजात म्हणाले. त्यांना मोठ्याने बोलता येत नव्हतं. "जागा तर मोकळी हाय की."

आणि मी म्हणालो, "अण्णा, उठा. हा आपला डबा नाही."

हे मला लिहायचं होतं. त्यांना कुणी हाताला धरून उठवलं नाही. मी उठवलं.

मला वाटायचं, लोखंडावर रंगाने लिहिलेलं असलं म्हणजे ते सरकारनेच लिहिलेलं असणार. आमच्या घरात छापील कागद देवापुढे ठेवतात. माझी बारावीची मार्कशीट अजून तिथेच आहे.

"लिवलंय म्हनल्यावर उठावं लागतंय बाबा," असं म्हणत अण्णा उठले. संडासाच्या दारापाशी मी त्यांच्यासाठी पेपर अंथरला. एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन ते बसले. संडासाला जाणारे त्यांचे पाय ओलांडून जात होते. लोणावळा गेलं. घाट गेला. कर्जत गेलं. त्या जागेवर रुमाल बसून होता. ज्याच्यासाठी तो टाकला होता तो त्या दिवशी आलाच नाही. रजेवर असेल.

त्यानंतर अण्णांना एक सवय लागली. कुठेही बसण्याआधी ते मला विचारायचे, "वाच बरं, आपल्याला चालतंय का हितं?" बसमध्ये. दवाखान्याच्या बाकड्यापाशी. एकदा तर रसवंतीच्या खुर्चीपाशी. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी ते उभेच राहिले.

मग ते मुंबईला जायला नको म्हणू लागले. दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या वेळेला मी आणि आईने त्यांना जवळजवळ उचलून शेवटच्या डब्यापर्यंत नेलं. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर ते गेलेच नाहीत. संक्रांतीच्या आधी वारले. त्या डब्यामुळे वारले असं मी म्हणणार नाही. गाठ होती. पण दोन खेपा का चुकल्या, ते मला माहीत आहे.

दवाखान्यातून त्यांचे कागद आणायला मला एकदा जावं लागलं. मी मुद्दाम त्याच डब्यात चढलो. मोकळ्या जागेवर बसलो. तोच चष्मेवाला आला. त्याने मला ओळखलं नाही.

"ऊठ रे. पासचा डबा आहे हा."

"कुणी ठरवलं?"

"आला मोठा कलेक्टर! बोर्ड दिसत नाही का?"

"दिसतोय. कुणी लावला ते विचारतोय."

पत्ते थांबले. एकाने माझी बॅग पॅसेजमध्ये फेकली. एकाने कॉलर धरली. मी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली. उठलो नाही. तिकीट तपासनीस आले. माझं तिकीट बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, म्हणाले, "कशाला वाद घालतोस भावा? रोजची माणसं आहेत ती. ॲडजस्ट कर ना."

मी ॲडजस्ट केलं नाही. मुंबईपर्यंत बसून गेलो. दादर आलं तेव्हा चष्मेवाल्याने दारावरची तार सोडली, पाटी काढली आणि पेपरात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत घातली.

तरीही मला वाटलं, रेल्वेनेच त्यांना सांभाळायला दिली असेल. माझी ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कुणाला विचारलं नाही. तीनदा खाडाखोड करून लिहिला. रेक बदलल्यापासून पासधारकांचा डबा कितवा, आणि इंजिनापासून दुसरा डबा कुणाचा? पहिला अर्ज परत आला, ऑफिस चुकलं होतं. दुसऱ्याचं उत्तर यायला खूप दिवस लागले. मधल्या काळात मी ठरवून टाकलं. उत्तर काहीही येवो, यापुढे कुणालाही ऊठ म्हणायला मी तोंड उघडणार नाही, आणि कुणी उठवत असेल तर पेपरमागे लपणार नाही.

परवा उत्तर आलं. त्याच्या वीस झेरॉक्स काढल्यात. सोमवारी सकाळी त्या घेऊन मी चिंचवडला चढणार आहे, त्याच डब्यात. पाटी बॅगेतून बाहेर आली की ती मी हातात घेणार आहे आणि परत देणार नाही. मारलं तर मारू देत.

उत्तर दोन ओळींचं आहे. नवीन रेकमध्ये पासधारकांचा डबा इंजिनापासून नववा आहे. शेवटच्या डब्यासारखाच दुसरा डबाही पहिल्या दिवसापासून जनरल आहे.

त्या लोकांना नवव्या डब्यापर्यंत चालायचं नव्हतं. अण्णा जनरलच्या तिकिटावर जनरलच्या डब्यात बसले होते.